हात पिठात, कान गोष्टीत

प्रश्न, थोडक्यात: "मी बेळगावात पतसंस्थेत नोकरी करते. घरी पोचायला साडेसहा वाजतात. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, त्यांची पाळी बदलती असते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर दिसत नाही. मुलगा नववीत, मुलगी पाचवीत. दोघंही इंग्रजी माध्यमात, शिवाय शाळेत कन्नड आणि हिंदी. लग्नाआधी मला स्वयंपाकही आवडायचा आणि वाचनही. आता स्वयंपाक उरकायचा असतो, आणि पुस्तक उशाशी घेतलं की डोळा लागतो. मुलं घरात मराठी बोलतात, पण वाचायला नको म्हणतात. आठवड्यातून दोनदा तरी जेवण बाहेरनं येतं. घरचं जेवण आणि पुस्तकं, या दोन्हींची गोडी घराला परत कशी लावायची? त्यासाठी वेळ कुठनं काढायचा?"

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. वेळ काढायला जाऊ नका, तो निघत नाही. स्वयंपाकाला एक तास, वाचनाला अर्धा तास अशी वाटणी करणारी किती घरं मी पाहिली. आठ दिवसांत वाचनाचा अर्धा तास भांड्यांत जातो, नाहीतर गृहपाठात. तुमच्या घरात रोज संध्याकाळी तास-दीड तास हात कामाला लागलेले असतात आणि कान रिकामे असतात. पुस्तक त्या कानांना द्या. एकानं मोठ्यानं वाचायचं. बाकीच्यांनी निवडायचं, सोलायचं, थापायचं. स्वयंपाकघरात, जेवणाआधी, दहा-पंधरा मिनिटं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, पुढे त्याचाच तपशील आहे. कारण हे करायला गेल्यावर कुठं अडतं ते मी पाहिलेलं आहे.

बेळगावातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी ३१ वर्षं होते. निवृत्त झाल्यावर शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या घरांत आणि जवळच्या काही गावांत जाऊन घरच्या घरी वाचन सुरू करून द्यायचं काम करते. टेबलावर असताना परत आलेलं पुस्तक मी आधी चाळायची. एखाद्यात बसचं तिकीट सापडायचं, एखाद्यात सुकलेलं अबोलीचं फूल. काही पुस्तकांना मात्र हळदीचं बोट लागलेलं असायचं, एखाद्या पानाच्या कोपऱ्याला तेलाचा डाग आणि त्यातनं पलीकडची ओळ दिसायची. नियमानं दंड घ्यायला हवा होता. तो मी घ्यायची, पण मनातनं मला त्या घराचं बरं वाटायचं. पुस्तक चुलीपर्यंत गेलं होतं. अशा घरांतली मुलं पुढे स्वतःच्या नावानं सभासद व्हायला यायची. आकडा ठेवला नाही, पण चेहरे आजही डोळ्यांसमोर आहेत.

आपल्याकडं ही रीत जुनीच आहे. श्रावण लागला की गावागावांत पोथी लागायची, 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'नवनाथ'. एक वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि बाया ऐकता ऐकता वाती वळायच्या, तांदूळ निवडायच्या. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी अभिमन्यूची गोष्ट ती अशी सांगायची की आम्ही पोरं घास तोंडात धरून बसायचो. तिनं ती सुपावर वाकूनच ऐकली होती. उन्हाळ्यात पेरणीसाठी बियाण्याच्या शेंगा फोडायला आळीतल्या बायका जमायच्या, तेव्हाही तेच. बोटं शेंगांवर आणि तोंडानं ओव्या, नाहीतर कुणाच्या तरी माहेरची हकिगत.

आणि गावाला पुस्तकांचं प्रेम नाही असंही नाही. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. ज्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला ते १९४६ साली बेळगावातच भरलं होतं. आजही थंडीच्या दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांत संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, बायका दारात रांगोळ्या काढतात. मला एकच गोष्ट बोचते. दिंडी ज्या दारावरनं जाते त्या घरात वर्षभर पुस्तकाचा आवाज ऐकू येत नाही. मराठीसाठी मोर्चात जाणाऱ्या घरातही मुलाला मराठी पान वाचून दाखवणारं कुणी नसतं. शाळा कन्नड नाहीतर इंग्रजी असेल, त्याला इलाज नाही. स्वयंपाकघर तरी आपल्या हातात आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. सगळी कामं ऐकण्याजोगी नसतात. फोडणी, तळण, मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, यांच्यात वाचन बसत नाही. आवाजामुळं वाचणारा ओरडायला लागतो आणि गोष्टीतला जीव जातो. तळणाजवळ तर लक्ष दुसरीकडं जाणंच धोक्याचं. म्हणून घरी आल्या आल्या कुकर लावून टाका, वाटण करून घ्या. कुकर गार होईपर्यंतचा वेळ तुमचा. मेथी, शेपू, चाकवत निवडणं, लसूण सोलणं, पावट्याच्या शेंगा सोलणं, कणीक मळणं, पोळ्या लाटणं आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे भाकऱ्या.

भाकरीचा हिशेब मी घराघरांत बसून केलेला आहे. पाच माणसांना संध्याकाळी आठ-नऊ भाकऱ्या लागतात. एक तव्यावर, एक परातीत अशी पाळी लागली की एका भाकरीला साधारण दोन-अडीच मिनिटं पडतात. आणि मोठ्यानं, सावकाश वाचलं तर छापील मराठी पानालाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे भाकरीला एक पान. मुलांना हा हिशेब फार आवडतो. 'आज सहाच भाकऱ्या आहेत, सहाच पानं' असं म्हटलं की गोष्ट ऐन रंगात थांबते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला हाक मारावी लागत नाही. शहापुरातल्या एका घरी पाचवीतला पोरगा आईला म्हणाला, "अजून एक भाकरी कर की गं, मी खातो की." त्याला भाकरी नको होती, पान हवं होतं.

थापताना लक्ष उडेल अशी शंका बऱ्याच जणी काढतात. ती खरी ठरत नाही. भाकरी बिघडते ती बहुधा पिठामुळं. ज्वारी दळून फार दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कडेला चिरा पडतात आणि भाकरी उचलताना मोडते. कढत पाण्यानं उकड काढून पीठ मळलं, तळहातानं चांगलं रगडलं की विरी गेलेलं पीठही बरंच सांभाळून घेतं. ते एकदा जमलं की पुढचं काम हाताला पाठ असतं. हात परातीत गोल फिरत राहतो, बोटं कडा दाबत जातात, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग आरावर फुगवायची. हे सगळं होत असताना कान पूर्ण मोकळा असतो. थापण्याच्या आवाजाची वाचणाऱ्याला दोन दिवसांत सवय होते. मी तर असं पाहिलंय की वाचणारं मूल नकळत त्या ठेक्यावर वाचायला लागतं आणि त्याची अडखळ कमी होते.

वाचणाऱ्याची जागा गॅसपासून दूर ठेवा, दाराच्या तोंडाशी, उजेड खांद्यावरनं येईल अशी. सासूबाईंना खुर्ची द्या आणि पुढ्यात एक ताट, कोथिंबीर नाहीतर लसूण. कानांनी ऐकायचं आणि बोटांनी चाचपायचं असं काम त्यांना डोळ्यांशिवाय येतं. घरात आपला उपयोग नाही असं वाटणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला याचा किती आधार होतो, हे मी वेगळं सांगायला नको. घरात चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन असेल तर तेवढा वेळ बंद करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. त्यावर गोष्टी वाचून दाखवणारी ॲप असतात, ती प्रवासात चांगली, पण स्वयंपाकघरात घरच्याच माणसाचा आवाज हवा, कारण त्याला मध्येच थांबवून "म्हणजे काय?" असं विचारता येतं.

मुलांच्या मराठी वाचनाबद्दल आपल्या भागात एक गैरसमज आहे, तो आधी दूर करते. तुमच्या मुलांना लिपी येते. हिंदीमुळं देवनागरी हाताखालनं गेलेली आहे. कन्नडमुळं 'ळ' जिभेवर बसलेला आहे. हिंदीत तो नाही, कन्नडात आहे, म्हणून केळी, डाळ, वेळ म्हणताना आपली मुलं अडखळत नाहीत. अडतं ते 'च', 'ज', 'झ' या अक्षरांवर. मराठीत ही अक्षरं दोन तऱ्हांनी म्हटली जातात आणि लिहिताना फरक दाखवत नाहीत. चव, चटणी, जाड, झाकण यांतला उच्चार दातांशी होतो, तो शाळेतल्या कन्नड-हिंदीत नाही. म्हणून मूल 'चटणी' हिंदीसारखी वाचतं, घरातले हसतात, आणि त्या दिवसापासून पुस्तक मिटतं. एकच शब्द घेऊन बसा: चिंच. पहिला 'च' चिमणीतला, दुसरा चमच्यातला. एकाच शब्दात दोन्ही. चिंचेचा गोळा पाण्यात कोळायला घेतला की मुलीला तो शब्द तीन-चार वेळा म्हणायला लावा. बोटं आंबट होतात, जीभ वळते, आणि नियम न सांगता कळतो.

हसण्याचं मात्र मनावर घ्या. मूल वाचत असताना वाक्याच्या मध्ये कुणीही चूक काढायची नाही. आजीनं नाही, दादानं तर मुळीच नाही. वाचून झाल्यावर एखादा शब्द, तोही दिवसाला एकच, सहज म्हणून दाखवायचा.

वाचनाची पहिली पायरी म्हणून मी पुस्तक देतच नाही. आधी डबे घेते. पाचवीतल्या तुमच्या मुलीला कागदाच्या पट्ट्या आणि स्केचपेन द्या आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर दोन्ही लिप्यांत नाव लिहायला सांगा. गूळ आणि बेल्ल, तांदूळ आणि अक्की, मीठ आणि उप्पु, ज्वारी आणि जोळ, चिंच आणि हुणसे. कन्नड शब्द ती शाळेतनं किंवा शेजारच्या अक्कांकडनं आणेल, मराठी आजीकडनं. एका गावातल्या घरी मुलीनं कारळाच्या डब्यावर 'गुरेळ' लिहिलं, तर आजी म्हणाली, आम्ही पण गुरेळच म्हणतो की! दोन भाषा एकाच डब्यात निघाल्या, तेव्हा ती पोरगी ज्या आनंदानं पळत अंगणात सांगायला गेली, तो मला अजून आठवतो. तिच्यासाठी तोपर्यंत कन्नड शाळेतली होती आणि मराठी घरातली. आपल्या भागात दोन्ही एकाच फळीवर बसतात, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

डबे झाले की पाककृती. पाककृती ही नव्या वाचणाऱ्यासाठी फार सोयीची. वाक्यं आटोपशीर, शब्द पुन्हा पुन्हा येणारे, आणि वाचलेलं खरं झालं की नाही ते अर्ध्या तासात ताटात कळतं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत, म्हणून मुलाच्या हातात द्यायला ते सोपं पडतं. मुलीनं वाचायचं, मुलानं करायचं. नववीतल्या मुलाला स्वयंपाकातनं वगळू नका. त्याला खलबत्ता द्या. शेंगादाण्याची चटणी त्याच्यावर सोपवा. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, साल चोळून पाखडायची, मग लसूण, जिरं, मीठ आणि तिखट घालून कुटायचं. तिखट ब्याडगीचं घेतलं तर रंग येतो, संकेश्वरीचं घेतलं तर झणका, अर्धं-अर्धं घ्या. मिक्सरमध्ये भुगा होतो, खलबत्त्यात तेल सुटतं आणि चटणीचा गोळा बांधला जातो. जोर लागतो, म्हणून मुलांना हे काम आवडतं. कुटताना वाचन होत नाही, पण कुटून झाल्यावर घाम पुसत तो जे ऐकतो ते लक्षपूर्वक ऐकतो.

गोष्टीची पुस्तकं कोणती, हे मला नेहमी विचारतात. मोठ्यानं वाचायला जे चांगलं ते मनात वाचायला चांगलं असेलच असं नाही. लांबलचक वर्णनं कानाला जड जातात, संवाद हवेत, आणि प्रकरण आटोपशीर हवं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना रात्र पहिली, रात्र दुसरी अशी नावं आहेत, कारण आश्रमातल्या मंडळींना रोज रात्री एकेक आठवण सांगायची अशी ती मांडणी आहे. ते पुस्तक ऐकवण्यासाठीच जन्मलंय. तरीही तुमच्या घरी मी त्यापासून सुरुवात करणार नाही. नववीतला मुलगा पहिल्याच आठवड्यात डोळ्यांत पाणी यायला लागलं तर उठून जाईल. बहिणीसमोर रडायचं नसतं त्या वयात. ते पावसाळ्यासाठी ठेवा, घराला सवय लागल्यावर.

तुमच्यासाठी पहिल्या क्रमांकावर प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी. कवयित्री इंदिरा संतांचे ते चिरंजीव. इंदिराबाईंचं आयुष्य बेळगावात गेलं, इथल्या कितीतरी शिक्षिका त्यांच्या हाताखालनं तयार झाल्या. लंपन हा आजी-आजोबांकडं राहणारा मुलगा, आणि त्याच्या आसपासची माणसं मराठीत बोलता बोलता कन्नडात शिरतात. आपल्या मुलांना हे ऐकताना धक्का बसतो. पुस्तकातली मराठी म्हणजे पुण्याची, आणि आपली म्हणजे चुकीची, असं त्यांनी कुठंतरी मनात धरलेलं असतं. इथं पुस्तकातला मुलगा त्यांच्यासारखा बोलतो. तुमच्या सासूबाई कन्नड शब्दांच्या जागी मान डोलावतील ते बघा. गोष्टी मोठ्या आहेत, एकेक तीन-चार बैठकांत वाटून घ्या.

मुलाला लढाया आवडत असतील तर रणजित देसाईंची ऐतिहासिक कादंबरी काढा. चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे ते, म्हणजे आपल्या अंगणातलेच. सगळी वाचू नका. वेढा, मसलत, स्वारी असली चार-पाच पानं निवडून वाचा आणि पुस्तक टेबलावर उघडं सोडून द्या. पुढचं काम पुस्तक करेल. विनोदी लेख सणावारी, पाहुणे असताना.

आता रविवार. रोजच्या पंधरा मिनिटांनी सवय लागते, पण आठवणीत राहतो तो रविवार. त्यासाठी असा पदार्थ हवा ज्याला बराच वेळ लागतो आणि सतत कुणीतरी उभं राहावं लागतं. आपल्या गावाचा कुंदा घ्या. दुकानातला आणतोच आपण, पण घरी केलेल्या कुंद्याची मजा वेगळी, कारण त्यात सगळ्यांचे हात लागतात.

एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत घ्या. मध्यम आचेवर ढवळत निम्मं होऊ द्या. मग दोन मोठे चमचे दही घाला. दूध फाटतं, घाबरायचं नाही, फाटायलाच पाहिजे, कुंद्याचा रवा तिथंच पडतो. पाणी आटेपर्यंत ढवळत राहायचं. आता एका छोट्या भांड्यात तीन चमचे साखर कोरडीच वितळवा, ती मधासारखी तांबूस झाली की कढईत ओता. हे काम मोठ्या माणसाचं. साखर तडतडते, उडते, भाजते, तेवढा वेळ वाचन बंद. कुंद्याला तो तपकिरी रंग आणि किंचित कडसर गोडी या जळक्या साखरेनं येते. नंतर उरलेली साखर, अर्धी वाटी, आवडत असेल तर थोडी जास्त. गोळा व्हायला लागला की वेलदोडा घालून उतरवा; कोरडा होऊ देऊ नका, थंड झाल्यावर आणखी घट्ट होतो.

या सगळ्याला तास जातो. एक ढवळणार, एक वाचणार. पान संपलं की उलथनं एकाकडं, पुस्तक दुसऱ्याकडं. मिस्टरांची सुट्टी असेल तर त्यांनाही पाळी लावा. ते म्हणतील, मला वाचून दाखवायला जमत नाही. फाउंड्रीतल्या भट्टीपुढं उभं राहणाऱ्या माणसाला उलथनं तर नक्की जमतं. सुरुवात तिथनं करू दे. माझ्या ओळखीच्या एका घरी वडिलांनी दोन महिने फक्त ढवळलं. एका रविवारी मुलीचा घसा बसला होता, तेव्हा त्यांनी न बोलता पुस्तक हातात घेतलं. बोट ठेवून, हळूहळू वाचलं त्यांनी. मुलगी कढईपाशी उभी होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, वडील थांबतील म्हणून. दूध जरा खाली लागलं त्या दिवशी. त्या घरातला तोच कुंदा सगळ्यांच्या लक्षात आहे.

आश्विनात रताळी आली की तीही अशीच. खानापूर-चंदगडच्या तांबड्या मातीतली रताळी निखाऱ्यात, नाहीतर झाकण ठेवून लोखंडी तव्यावर भाजायला लावली की एक गोष्ट पुरी होते. पावसात वीज गेली की कंदील किंवा टॉर्च लावून, पातळ घावन घालत वाचा. बाहेर पागोळ्या आणि आत तव्याची चर्रर्र, मुलं यासाठी वीज जायची वाट बघायला लागतात.

आता माझ्या हातनं झालेली एक चूक, तुमच्या हातनं होऊ नये म्हणून. मोठा मुलगा सहावीत असताना मी नियम केला होता: दहा पानं वाचल्याशिवाय ताट वाढणार नाही. वाचनालयात काम करणाऱ्या बाईचा मुलगा वाचत नाही, याची मला लाज वाटायची. तो भुकेला बसून वाचायचा, डोळे ओळींवरनं नुसते पळवायचा, आणि मग भराभर जेवून उठायचा. महिन्याभरानं पुस्तक तांदळाच्या पिंपामागं सापडलं. मी रागावले, अजून कडक झाले. पुढे तो मोठा झाल्यावर एकदा म्हणाला, "आई, त्या वर्षी भाताचा वास आला तरी पोटात गोळा यायचा." त्यानं मराठी पुस्तक नंतर फार वर्षांनी हातात घेतलं, तेही स्वतःच्या मुलीसाठी. म्हणून कळकळीनं सांगते, जेवणाला वाचनाची अट घालू नका आणि वाचनाला खाऊचं बक्षीस ठेवू नका. 'वाचलंस तर कुंदा' म्हटलं की कुंदाही गेला आणि पुस्तकही. ज्याला ऐकायचं नाही त्याला स्वयंपाकघरात नुसतं बसू द्या. नुसतं बसलेल्याच्या कानावरही गोष्ट पडतेच.

बाहेरच्या जेवणाबद्दल मला फार बोलायचं नाही. आठवड्यातून दोनदा येतंय ते एकदा येईल, आपोआप. थकलेल्या दिवशी मुगाची खिचडी, पापड आणि दोन पानं, एवढंच असू द्या. तेही नाही झालं तर मागवा आणि जेवताना लंपन पुढे काय करेल यावर बोला. रोज पंचपक्वान्न करणारी आई चिडलेली असेल तर त्या घरात पुस्तक उघडत नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय.

राहिली तुमच्या सासूबाईंची गोष्ट. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही असं तुम्ही लिहिलंत. त्यांच्याकडनं लिहून घ्या. दोनशे पानी वही आणा आणि मुलांपैकी एकाला त्यांचा लेखनिक करा. म्हाताऱ्या माणसाकडनं पाककृती लिहून घेणं सोपं नाही. "मीठ किती?" विचारलं की "अंदाजानं" असं उत्तर येतं. तेव्हा त्यांच्यासमोर परात आणि वाटी ठेवा, त्यांनी मुठीनं घातलं की मुलानं ते वाटीत मोजायचं, आणि वहीत दोन्ही लिहायचं: आजीची एक मूठ, म्हणजे आमची इतकी वाटी. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा, बोटभर, नखभर हे शब्द असे लिहून घेतले नाहीत तर त्यांच्याबरोबर जातील. धान्याची मापंही विचारा. दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे मुलाला गणितासारखं वाटेल आणि तो ते मित्रांना सांगेल. मांडे कसे करायचे तेही विचारा. उलट्या खापरावर ती कागदासारखी पोळी कशी टाकतात, लग्नाच्या रुखवतात ते कसे असायचे, कुणाचे मोडले होते. पाककृती दोन ओळींत संपते, हकिगत चार पानं चालते. तीच लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, शुद्धलेखनाची काळजी न करता. त्या 'करते आहे'च्या जागी "करुलालो" म्हणाल्या तर वहीत "करुलालो" च लिहा. महिन्यातनं एकदा त्या वहीतलंच वाचायचं, आणि तेव्हा भाकऱ्या तुम्ही थापायच्या.

उद्या संध्याकाळसाठी मेथीची एक जुडी आणा. ती ओट्यावर न ठेवता खाली वर्तमानपत्रावर पसरा, सासूबाईंना आणि मुलांना भोवती बसू द्या, आणि पहिल्या दिवशी वाचायचं तुम्ही. मुलांना वाच म्हणू नका. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर घाला, आणि पानं उलटण्याआधी बोटं पुसायला मांडीवर एक फडकं ठेवा. डाग तरीही पडेल. वाचनालयाचं पुस्तक असेल तर दंड भरा.